वरच्या सहा ओळी

"हात पूर्ण आत घाला," खालून ओक्ताव्ह म्हणाले. "कोपरापर्यंत. कबुतरं चावत नाहीत. आणि आता कबुतरं उरलीत तरी कुठं?"

मी शिडीच्या नवव्या पायरीवर उभी होते आणि भिंतीतल्या त्या काळ्या कोनाड्यात हात घालायची माझी छाती होत नव्हती. आत उंदीर असेल, साप असेल, निदान शंभर वर्षांपूर्वीचं अंडं तरी असेलच, अशी माझी खात्री होती. शेवटी डोळे मिटून घातला. हात कोपरापर्यंत सरळ गेला, मग आत डावीकडे वळला आणि बोटांना मऊ, कोरडं काहीतरी लागलं. जुनी विष्ठा. मी टेप लावली आणि ओरडले, "सत्तेचाळीस सेंटिमीटर!"

"सत्तेचाळीस," असं म्हणत ओक्ताव्हनी माझ्या वहीत आकडा लिहिला आणि मला न विचारता शिडी पुढे ढकलली. मी शिडीसकट फिरले आणि पुढच्या कोनाड्यासमोर येऊन थांबले.

ही १९९६ च्या जूनमधली गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते. शिष्यवृत्ती मिळवून पॅरिसमध्ये जुन्या इमारतींच्या जतनाचं शिकत होते आणि आमच्या प्राध्यापकांनी मला आठवडाभरासाठी नॉर्मंडीतल्या एका खेड्यात पाठवलं होतं. काम एवढंच होतं की घर मोजायचं आणि जसं आहे तसं कागदावर काढायचं.

घराचं नाव ला रोंसरे. तो राजवाडा नव्हता. फ्रेंच लोक अशा घराला मानवार म्हणतात, म्हणजे गावच्या जमीनदाराचं राहतं घर. राजवाड्याला खंदक असतो, मानवारला चिखल. तळमजला दगडविटांचा, त्यावर ओकच्या लाकडाचा सांगाडा, सांगाड्याच्या मधल्या जागेत माती आणि गवताचा गिलावा, आणि त्यावर कौलांचं उंच छप्पर. मागच्या बाजूला एक बुरूज आणि त्यात गोल जिना, ज्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. प्रत्येक पिढीनं घरात काहीतरी केलं होतं. कुणी खिडक्या मोठ्या केल्या होत्या, तर सरकारनं खिडक्यांवर कर बसवल्यावर कुणी त्यातल्या दोन चिणून टाकल्या होत्या. सगळं घर पश्चिमेला जरासं कललेलं होतं.

पण घरापेक्षा तोरा होता तो अंगणातल्या कबुतरखान्याचा. हा एक स्वतंत्र गोल मनोरा. खालचा भाग दगडी, वरचा विटांचा. आत गेलं की चारी बाजूंनी, जमिनीपासून छपरापर्यंत, नुसते कोनाडे. एका ओळीत साठ, अशा वीस ओळी. मधोमध एक उभा खांब होता, खाली आणि वर लोखंडी खुंटांवर फिरणारा, आणि त्याला आडव्या दांड्यांनी बांधलेली शिडी. खांब फिरवला की शिडी भिंतीच्या कडेकडेनं फिरायची. पूर्वी नोकर असंच फिरत फिरत पिल्लं काढायचे. आता मी फिरत होते, आणि खांब फिरवायला चौऱ्याहत्तर वर्षांचे ओक्ताव्ह.

ओक्ताव्ह गावचे गवंडी. निवृत्त झाले होते, पण ला रोंसरेचं काही ना काही रोजच निखळायचं, त्यामुळे तेही रोज यायचे. बोलणं मोजकं. पहिल्या दिवशी मी पिशवीतून ओळंबा काढला तेव्हा त्यांनी तो हातात घेतला, त्याचं पितळ अंगठ्यानं चोळलं, दोरी बघितली.

"जुना आहे," ते म्हणाले.

"वडिलांचा."

"हं," एवढं म्हणून त्यांनी तो परत दिला.

घराची मालकीण मादमवाझेल ब्लांश दोर्व्हाल. वय बाहत्तर. लग्न केलं नव्हतं, म्हणून अख्खं गाव त्यांना अजून मादमवाझेल, म्हणजे कुमारीच म्हणायचं. त्याही मला मादमवाझेलच म्हणायच्या, कारण 'वैजयंती' हे नाव त्यांच्या जिभेवर काही केल्या चढेना. ताठ मान, पांढरे केस, उजव्या कोपराला ठिगळ लावलेला स्वेटर. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दिवाणखान्यात कॉफीला बसवलं. भिंतीवरून त्यांचे सात पूर्वज माझ्याकडे बघत होते.

"तुमचे वडील काय करतात?" त्यांनी विचारलं.

"आर्किटेक्ट आहेत," मी म्हणाले.

का म्हणाले? त्या सात जणांमुळे, दुसरं काय. माझे आप्पा पाटणला गवंडीकाम करायचे. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांची घरं बांधली आणि आमच्या स्वतःच्या दोन खोल्यांपैकी एकीला शेवटपर्यंत गिलावा झाला नाही. त्यांनीच मला ओळंबा धरायला शिकवलं. पॅरिसला निघाले तेव्हा त्यांनी तो माझ्या पिशवीत टाकला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे संगं. ह्यो कुनाची भीड धरत न्हाई." आणि मी त्या माणसाला एका घोटात आर्किटेक्ट करून टाकलं.

"म्हणजे रक्तातच आहे तुमच्या," मादमवाझेल खूश होऊन म्हणाल्या. मग त्यांनी मला कबुतरखान्याचा इतिहास सांगितला. "राजाच्या काळी कबुतरं पाळायचा हक्क फक्त जमिनीच्या धन्याचा. कबुतरं शेतकऱ्याचं बियाणं खाणार आणि त्यानं बघत बसायचं. आणि जितके एकर जमीन, तितकेच कोनाडे. एकही जास्त नाही. आमचे बाराशे."

"म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाला नुसते कोनाडे मोजले की घराणं कळायचं?"

"अर्थात! मुलगी बघायला येणारे मुलगी नंतर बघायचे. आधी कबुतरखाना." त्यांनी भिंतीवरच्या एका चित्राकडे बोट दाखवलं. हातावर कबुतर घेतलेली, लांब नाकाची एक तरुणी. "ही मार्ग्रीत. सोळाशे नव्वद. रुआँच्या न्यायाधीशानं आपल्या मुलासाठी हिला मागणी घातली. स्वतः आला, आत गेला, मान वर करून मोजलं, आणि हुंड्याबद्दल शब्द काढला नाही."

आमच्याकडे मुलगी दाखवायची असली की शेजाऱ्यांचं कपाट आणून ठेवतात, असं अगदी जिभेवर आलं होतं. ताईच्या वेळी आम्ही देशपांडे मास्तरांचा सोफा आणला होता, आणि पाहुणे गेल्यावर आप्पा आणि मी तो उचलून परत पोचवला होता. पण आर्किटेक्टच्या मुलीला हे सांगता येईना.

मग त्यांनी कप खाली ठेवला आणि आवाज उतरला. अर्धं घर पॅरिसमधल्या पुतण्याच्या नावावर होतं आणि त्याला ते एका हॉटेलवाल्याला विकायचं होतं. घराचं नाव संरक्षित वास्तूंच्या यादीत आलं तर विकायचा विषय काढणार नाही, असा शब्द त्यानं दिला होता. शुक्रवारी सरकारी खात्याचा अधिकारी बघायला येणार होता. पण खात्यानं आधीच पत्रात कळवलं होतं की अशी घरं या भागात पुष्कळ आहेत.

"घरं पुष्कळ आहेत, खरंय," त्या म्हणाल्या. "पण बाराशेचा अखंड कबुतरखाना नाही. मी याच घरात जन्मले, मादमवाझेल, आणि मला इथंच मरायचंय. तेव्हा तो नीट काढा."

सोमवार, मंगळवार आम्ही मोजत राहिलो. ठरावीक वेळी ओक्ताव्ह काम थांबवायचे आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जायचे. मादमवाझेल कॉफीचा वाडगा त्यांच्या हातात द्यायच्या, आणि ते बाहेरच्या पायरीवर बसून ती प्यायचे. आत कधी यायचे नाहीत. "बुटांना चुना आहे, मादमवाझेल," असं म्हणायचे. "जशी तुमची इच्छा, ओक्ताव्ह," असं त्या म्हणायच्या आणि आत खिडकीशी आपल्या खुर्चीत बसून पेपर वाचायच्या. रोज तीच दोन वाक्यं. फ्रेंचमध्येही आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' वेगळं आहे, आणि हे दोघं एकमेकांना कायम 'तुम्ही' म्हणत.

चौदा ओळी झाल्या. वरच्या सहा राहिल्या.

"त्या पायऱ्या किडल्यात," ओक्ताव्ह म्हणाले. "जाऊ नका. वरचे सगळे खालच्यासारखेच आहेत. एक काढा आणि तोच पुढे चालवा."

आमच्या धंद्यात असं करतात. हजार सारख्या विटा कुणी मोजत नाही. मी मान डोलावली.

बुधवारी ओक्ताव्ह डोळे तपासायला तालुक्याच्या गावी गेले. मी एकटी मनोऱ्यात होते आणि मला ती पायरी दिसत होती. पंधरावी. मी खालून काठीनं ठोकून पाहिली. टणक आवाज आला. किडलेल्या लाकडाचा आवाज मला लहानपणापासून माहीत आहे. मी चढले. पंधरावी, सोळावी, सतरावी. एका पायरीलाही कीड नव्हती. हं, म्हातारा माझ्या काळजीनं म्हणाला असेल, असं मनात म्हणत मी कोनाड्यात हात घातला.

हात बोटांच्या मुळाशीच थांबला.

वाटलं, कचरा साठला असेल. खरवडलं. कचरा नव्हता, भिंत होती. चुन्याची, घोटलेली, जुनी, आणि बाकीच्या भिंतीशी एकजीव. शेजारचा पाहिला. चार बोटं खोल. त्याच्या शेजारचा, चार बोटं. उतरून खांब फिरवायचा, परत चढायचं, असं करत मी दुपारपर्यंत सगळा मनोरा फिरले. वरच्या सहा ओळी, तीनशे साठ कोनाडे, सगळे चार बोटं खोल. त्यात कुठं विष्ठेचा कण नव्हता. बसायला जागाच नाही तिथं कबुतर जाईल कशाला? खालून मान वर करून बघणाऱ्याला मात्र सगळे सारखेच काळे दिसत होते.

खालचा भाग दगडाचा आणि वरचा विटांचा का, तेही आता कळलं. मनोरा नंतर उंच केला होता. मार्ग्रीतच्या लग्नाआधी केव्हातरी, न्यायाधीशानं मान वर करायच्या आत. दोर्व्हालांचे कोनाडे आठशे चाळीस होते. बाकी सगळा देशपांडे मास्तरांचा सोफा.

मला हसू आलं, आणि लगेच थांबलं. ज्या एका गोष्टीवर त्या बाईंनी सगळं लावलं होतं, तीच पोकळ निघाली होती. खरं म्हणजे पोकळसुद्धा नव्हती.

संध्याकाळी ओक्ताव्ह परत आले तेव्हा मी मनोऱ्याच्या दारात बसले होते.

"पायऱ्या किडलेल्या नाहीत," मी म्हणाले.

त्यांनी टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली. "वर गेलात."

"तुम्हाला माहीत होतं."

"लढाईनंतर छप्पर मी दुरुस्त केलं. सेहेचाळीस सालचा मे. छपराशी चढताना पाय ठेवायला जागा हवी म्हणून बूट त्या कोनाड्यात घातला. बूट मावला नाही."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही." ते माझ्या शेजारी टेकले. मग म्हणाले, "शुक्रवारच्या साहेबाला सांगायचं तर सांगा. ते तुमचं काम. तिला नका सांगू."

ते नेहमी 'मादमवाझेल' म्हणायचे. त्या दिवशी 'तिला' म्हणाले. हे माझ्या कानावर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही. मला वाटलं, जुना माणूस, घराशी इमान आहे.

गुरुवारी सकाळी मी नकाशाला बसले. मनोऱ्याचा उभा छेद काढायचा होता, म्हणजे सुरीनं कापल्यासारखा तो आतून दाखवायचा. त्यात प्रत्येक ओळीच्या कोनाड्याची खोली दिसते. आधी पेन्सिलनं खरं काढलं. चौदा खोल, सहा उथळ. मग दुसरा कागद घेतला आणि वीसच्या वीस खोल काढले, त्यावर शाईही फिरवली. फार सुबक आलं होतं. तेवढ्यात ओक्ताव्ह खिडकीशी आले, त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "धन्यवाद."

त्या एका शब्दानं माझा हात थांबला. प्रामाणिकपणा वगैरे नंतर सुचलं, खोटं कशाला बोलू. आधी भीती वाटली. साहेबानं वर चढून हात घातला तर? नकाशावर नाव माझं असणार होतं. मग आप्पा आठवले. एकदा एका बंगल्याची भिंत अर्धा इंच कललेली निघाली. मालक म्हणाला, चालेल, गिलाव्यात झाकून जाईल. आप्पांनी सकाळी येऊन ती स्वतःच्या हातानं पाडली. त्या दिवसाची मजुरी बुडाली म्हणून आई चार दिवस बोलली नव्हती.

मी पेन्सिलचा कागद उचलला आणि दिवाणखान्यात गेले.

मादमवाझेलनी चष्मा लावून कागद पाहिला. नकाशा वाचायची सवय नसली तरी ते घर त्यांना पाठ होतं. त्यांचं बोट खालून वर सरकत गेलं आणि चौदाव्या ओळीनंतर थांबलं.

"हे राहिलंय का काढायचं?"

"नाही," मी म्हणाले. "तेवढेच आहेत. चार बोटं. बाहेरून दिसायला कोनाडे, आत भिंत. तीनशे साठ."

मार्ग्रीतच्या चित्राकडे त्यांनी पाहिलं, मग परत कागदाकडे. "लहानपणी मी रोज मोजायची," त्या म्हणाल्या. "खालून. मुलींना शिडीवर चढू द्यायचे नाहीत." त्यांनी कागद मांडीवर उलटा ठेवला. मला बघवेना. काहीतरी धीराचं बोलायला हवं, म्हणून मी तोंड उघडलं आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा केला.

"इतकं मनाला लावून घेऊ नका," मी म्हणाले. "ओक्ताव्हना कधीचं माहीत आहे. त्यांना त्याचं काही वाटत नाही."

मादमवाझेलनी मान वर केली.

"ओक्ताव्हला कधीपासून माहीत आहे?"

"छप्पर दुरुस्त केलं तेव्हापासून. सेहेचाळीसच्या मे महिन्यापासून."

"मे." त्या उठल्या. खिडकीशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. मग त्या खिडकीकडे बघूनच बोलू लागल्या, आणि आवाज इतका सरळ होता की मला आधी वाटलं, घराचाच इतिहास सांगतायत.

"त्या वर्षी सप्टेंबरात तो पपांकडे आला. रविवारचे कपडे घालून. मला मागायला. पपा त्याला कबुतरखान्यात घेऊन गेले आणि म्हणाले, मोज. मी दारात उभी होते. त्यानं मोजलं, मोठ्यानं, एकेक ओळ. साठ, एकशेवीस, एकशेऐंशी. वीसही ओळी. बाराशे म्हणून थांबला. पपा म्हणाले, आता तुझ्या बापाचे मोज. त्यानं टोपी उचलली आणि गेला."

मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते.

"मे," त्या परत म्हणाल्या. "आणि ते सप्टेंबर होतं. तो मोजत होता तेव्हा त्याला माहीत होतं."

त्या दिवशी त्या जेवायला खाली आल्या नाहीत. ओक्ताव्ह ठरलेल्या वेळी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थोडा वेळ उभे राहिले. वाडगा आला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ते वळले आणि गेले. मी तेव्हा काय काय शिव्या स्वतःला दिल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शुक्रवारी दहाला खात्याचे अधिकारी आले. सडपातळ, विनम्र, घाईत असलेले. घर त्यांनी अर्ध्या तासात पाहिलं. गोल जिन्यापाशी थांबले, चिणलेल्या खिडक्यांची नोंद घेतली. चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की अशी घरं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. मग आम्ही अंगणात आलो. कबुतरखान्याच्या दाराशी ओक्ताव्ह उभे होते. रविवारचा कोट घालून.

आत गेल्यावर अधिकाऱ्यांनी मान वर केली, सगळे करतात तशी. "बाराशे, नाही का?" त्यांनी कागद चाळत विचारलं.

मादमवाझेल शिडीशी गेल्या आणि त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"मादमवाझेल!" ओक्ताव्ह ओरडले.

"शिडी धरा, ओक्ताव्ह."

बाहत्तराव्या वर्षी, पहिल्यांदा, त्या चढल्या. मला एकेक पायरी मोजवत नव्हती. ओक्ताव्हनी दोन्ही हातांनी शिडी धरली होती आणि ते वर बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. पंधराव्या पायरीवर मादमवाझेल थांबल्या. त्यांनी स्वेटरची बाही वर सारली आणि कोनाड्यात हात घातला. बोटांच्या मुळापर्यंत. तो तसाच ठेवून त्या खाली बघत म्हणाल्या, "लिहून घ्या, मस्यू. आठशे चाळीस. हे इथून वरचे खोटे आहेत. मुलीचं लग्न जमवायला आम्ही केले. या मादमवाझेलनी ते मोजलेत, त्यांच्या नकाशात आहे."

अधिकाऱ्यांनी नकाशा माझ्या हातातून घेतला. पाहिला. परत पाहिला. मग त्यांनी पिशवी जमिनीवर टाकली, आणि मादमवाझेल उतरताच तो घाईतला माणूस स्वतः वर चढला. वरून त्यांचा आवाज लहान मुलासारखा येत होता. "सगळ्या सहा ओळी? पूर्ण गोल?" खाली आले तेव्हा कोटाला चुना लागला होता. "अशा लबाडीच्या गोष्टी खूप ऐकल्यात, मादमवाझेल. पण पुढच्या पिढ्या लाजेनं ते कोनाडे बुजवतात, नाहीतर पाडतात. तीनशे वर्षं जसेच्या तसे ठेवलेले मी पाहिलेले नाहीत. खऱ्या बाराशेसाठी मी कदाचित शिफारस केली नसती. यासाठी करणार."

त्यांची गाडी गेली. आम्ही तिघं मनोऱ्यात उरलो. घर जवळजवळ वाचलं होतं.

"ओक्ताव्ह," मादमवाझेल म्हणाल्या, "तुला माहीत होतं."

पन्नास वर्षांचं 'तुम्ही' गेलं होतं. ओक्ताव्हनी टोपी काढून हातात धरली.

"होतं."

"पपा तुझा अपमान करत होते आणि तुझ्याकडे उत्तर होतं. नुसतं वर बोट दाखवायचं होतं. का नाही दाखवलंस?"

ओक्ताव्हनी बराच वेळ टोपीची कड फिरवली. मला वाटलं, आपण बाहेर जावं, पण मी गेले नाही.

"तू दारात उभी होतीस," ते शेवटी म्हणाले. "बोललो असतो तर तू माझ्याबरोबर आली असतीस, ब्लांश. मला माहीत आहे, आली असतीस. पण मान खाली घालून आली असतीस. तशी मला नको होतीस."

मादमवाझेलनी भिंतीला हात टेकला. त्या रडत होत्या, आणि रडताना मान ताठच होती. मला एकदम इतकी लाज वाटली की मी बोलून गेले.

"माझे वडील आर्किटेक्ट नाहीत. गवंडी आहेत."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"मला पहिल्या दिवशीच कळलं," ओक्ताव्ह म्हणाले. "त्या ओळंब्याच्या दोरीला सात गाठी आहेत. आर्किटेक्ट नवी दोरी आणतो."

मादमवाझेलनी डोळे पुसले आणि त्यांच्याकडे वळून पाहिलं. "तुला सगळंच माहीत असतं," त्या म्हणाल्या, "आणि तू काही बोलत नाहीस." हे त्या रागानं म्हणाल्या, आणि पुरेशा रागानं म्हणाल्या. मग माझा दंड धरून त्या अंगणातून चालू लागल्या. ओक्ताव्ह सवयीनं चार पावलं मागे.

स्वयंपाकघरात त्यांनी कॉफी केली आणि टेबलावर तीन वाडगे मांडले. ओक्ताव्ह दाराबाहेर पायरीशी उभे होते.

"आत ये."

"बुटांना चुना आहे."

"मग काढ."

ओक्ताव्हनी थोडा विचार केला. मग ते पायरीवर बसले, सावकाश नाड्या सोडल्या, दोन्ही बूट शेजारी शेजारी नीट लावून ठेवले आणि आत आले. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. ते पाऊल त्यांनी दुसऱ्या पावलामागे लपवलं.

मी माझा वाडगा उचलला आणि बाहेर जाऊन त्यांच्या बुटांशेजारी पायरीवर बसले. एवढी अक्कल मला तोवर आली होती. पॅरिसला परतल्यावर आप्पांना फोन करायचा आणि सगळं सांगायचं, असं ठरवत होते. तिथून कबुतरखाना दिसेल अशी माझी समजूत होती. मान वळवून पाहिलं, तर घराचा कोपरा आड येत होता. पुढे नुसती चिणलेल्या खिडकीची भिंत होती. ओक्ताव्ह रोज जिथं बसायचे, त्या पायरीवरून एकच गोष्ट दिसत होती, ती म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी, आणि खिडकीत मादमवाझेलची पेपर वाचायची खुर्ची.

खुर्ची रिकामी होती. त्या टेबलाशी बसल्या होत्या.